फोन खिशात, पिशवीत की घरीच? – झाडाखाली नुसतं बसण्याबद्दल

रिकामटेकडा

"जरा झाडांमध्ये जा, फोन बंद ठेवा, बरं वाटेल." हा सल्ला हल्ली सगळेच देतात. डॉक्टर देतात, मित्र देतात, आणि फोनवरचे व्हिडिओसुद्धा देतात, ही त्यातली गंमत. सल्ला चुकीचा नाही. पण त्यात दोन गोष्टींची मोट बांधलेली असते: झाडंझुडपं आणि फोनबंदी. यातलं गुणकारी नेमकं काय? फोन बंद करून घरात छताकडे बघत पडलं तर तेवढंच बरं वाटेल का? आणि फोन हातात धरून जंगलात फिरलं तर?

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. दोन्ही लागतात. एकाशिवाय दुसऱ्याचा बराचसा भाग फुकट जातो.

मन लावून काम करताना आपण लक्ष धरून ठेवतो. हिशेब तपासताना, गर्दीतून गाडी काढताना, कंटाळवाण्या बैठकीत बसताना, मागून येणारे शंभर आवाज दाबून एकाच गोष्टीकडे बघावं लागतं. हे दाबणं थकवणारं असतं. दुसरं लक्ष आपोआप वेधलं जातं, त्याला जोर लावावा लागत नाही. हा भेद विल्यम जेम्सने १८९०मध्येच करून ठेवला होता. पुढे रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८९च्या पुस्तकात त्यावर आपली मांडणी उभी केली: हलणारी पानं, ढग, वाहतं पाणी या गोष्टी लक्ष वेधतात, पण गच्च धरून ठेवत नाहीत. मनाला इकडेतिकडे फिरायला जागा उरते आणि तेवढ्या वेळात ते थकलेलं, धरून ठेवणारं लक्ष विसावतं.

आता फोन बघा. तोही लक्ष आपोआपच वेधतो, पण गच्च धरतो, सोडतच नाही. म्हणून बागेत बसून फोन बघणाऱ्याला विश्रांती मिळतेय असं वाटतं, मिळत मात्र नाही. हे तपासून बघणारा एक प्रयोग झालेला आहे. बिन जियांग आणि सहकाऱ्यांनी आधी लोकांना डोकं शिणवणारी कामं दिली आणि मग सुट्टी दिली. काहींना हिरव्या जागेत, काहींना ओसाड जागेत. दोन्हीकडे निम्म्यांच्या हातात लॅपटॉप, निम्मे रिकामे. लक्ष सुधारलं ते फक्त हिरव्या जागेत रिकाम्या हाताने बसलेल्यांचं. हिरव्या जागेत लॅपटॉप घेऊन बसलेल्यांना हिरवाईचा म्हणावा असा उपयोग झाला नाही.

तर माझा प्रश्न तत्त्वाचा नाही, व्यवहाराचा आहे. तुम्ही फोनचं काय करता? आणि बसल्यावर काय करता?

माझी पद्धत अशी. जागा एकच ठेवायची, दर वेळी नवी शोधायची नाही. नव्या जागी आपण पाहुणे असतो, सगळं बघून घ्यायची घाई असते. जुन्या जागी काय बदललं तेवढंच दिसतं, आणि तेच बघण्यासारखं असतं. सुरुवातीचा वेळ रटाळ जातो, हात सारखा खिशाकडे जातो. तो जाऊ द्यायचा. आपण येऊन बसलो की जवळपासचे पक्षी गप्प होतात किंवा उडून जातात. आपण हललो नाही तर काही वेळाने परत येतात आणि आपापल्या कामाला लागतात. बैठक सुरू होते ती तिथून. आधीचा वेळ म्हणजे नुसती पूर्वतयारी.

खारुताई

वाखू (वाचनखूण) साठवली. पक्षी परत येतात ते अगदी खरं. चिमण्या सगळ्यात आधी, कावळे सगळ्यात शेवटी. कावळा फार वेळ हिशेब करतो.

तिरकस

रिकामटेकडा, लेख छान, पण जरा हळू.

या विषयातले बरेच अभ्यास लहान आहेत, आणि जे मोठे आहेत ते कार्यकारणाबद्दल फारसं बोलत नाहीत. सगळीकडे फिरणारा आकडा म्हणजे आठवड्याला १२० मिनिटं. तो आला २०१९च्या इंग्लंडमधल्या पाहणीतून. माणसं जवळजवळ वीस हजार, म्हणजे नमुना दणदणीत. आठवड्यात दोन तास किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगत होते. हा वेळ एका दमात काढला की तुकड्यातुकड्यांनी, यानेही फरक पडत नव्हता. बरं. पण ज्याचे गुडघे धड आहेत, ज्याच्यामागे कटकटी कमी आहेत, तोच मुळात बाहेर पडतो ना? बाहेर पडल्यामुळे तब्येत चांगली, की तब्येत चांगली म्हणून बाहेर? संशोधकांनी जुनी दुखणी, राहण्याचा परिसर वगैरे बऱ्याच गोष्टी हिशेबात धरल्या होत्या, तरी एकाच वेळी घेतलेल्या पाहणीतून ही गाठ पूर्ण सुटत नाही.

दुसरा लाडका दाखला २०१२चा. पाठीवर सामान घेऊन रानात भटकणारे ५६ लोक, सोबत कोणतंही उपकरण नाही. निघण्यापूर्वी चाचणी दिलेल्या गटापेक्षा चौथ्या दिवशी चाचणी दिलेल्या गटाला सर्जनशीलतेच्या कोड्यांत ५० टक्के जास्त गुण. बातम्यांत याचे ढोल वाजले. पण हा परिणाम झाडांचा की उपकरणं नसल्याचा, हे या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही, असं संशोधकांनीच लिहिलं आहे. त्यात चालणं, मोकळी हवा, सोबत आणि कामावरची सुट्टी हेही आलं. चार दिवस सुट्टी दिली तर मीही कोडी बरी सोडवीन.

रिकामटेकडा

तिरकस, दोन्ही आक्षेप मान्य. म्हणूनच मी त्या दोघांपैकी एकाचाही आधार घेतला नाही. :)

पण २००८चा मिशिगन विद्यापीठातला प्रयोग बघा. तीच माणसं, दोन वेगवेगळ्या फेऱ्या: एक वृक्षोद्यानातून, एक शहराच्या गजबजलेल्या भागातून. दोन्हीकडे साधारण पाऊण-एक तास चालणं, म्हणजे व्यायाम सारखाच. नंतर आकडे उलट्या क्रमाने म्हणायची चाचणी. झाडांमधून आल्यावर गुण सुधारले. मला त्यातला सगळ्यात आवडलेला भाग वेगळाच आहे. काही जण कडाक्याच्या थंडीत चालले. त्यांना चालणं अजिबात आवडलं नाही, तरी लक्षातली सुधारणा तेवढीच! म्हणजे 'मजा आली म्हणून बरं वाटलं' एवढंच हे प्रकरण नाही.

तिरकस

थंडीचा मुद्दा रोचक आहे. नमुना लहान हे पुन्हा म्हणतो आणि गप्प बसतो. (तात्पुरता.)

शेवरी

फोन घरी ठेवा असं म्हणणाऱ्यांत बायका कमी दिसतात, हे कुणाच्या लक्षात आलंय का?

एकटी बाई निर्जन जागी डोळे मिटून बसली आहे, फोन जवळ नाही, ती कुठे आहे हे कुणाला ठाऊक नाही. हे चित्र लेखात शांत वाटतं. प्रत्यक्षात माझे कान मागच्या प्रत्येक पावलाकडे लागलेले असतात. ते लक्ष धरून ठेवणं वर आलंय ना, मी तिथे तेच करत बसते. विश्रांती कसली डोंबलाची.

म्हणून माझे नियम तुमच्यापेक्षा वेगळे. फोन बरोबर असतो, पिशवीच्या तळाशी, आवाज चालू, पण ठरावीक दोघांचेच कॉल वाजतील असा लावलेला. कुठे जाते आणि किती वाजेपर्यंत परतते हे एकीला सांगून निघते. मैत्रीण येणार असेल तर फारच उत्तम: आम्ही एकमेकींना दिसू इतक्या अंतरावर बसतो, पण बोलायचं नाही असं आधीच ठरलेलं. आणि बसायला अशी जागा बघते की पाठीला काहीतरी आहे, खडक, बुंधा, भिंत, आणि समोर लांबवर दिसतंय. जे ॲपलटन नावाच्या भूगोलतज्ज्ञाने १९७५मध्ये मांडलं होतं की माणसाला अशाच जागा आवडतात, जिथून आपल्याला सगळं दिसतं पण आपण सहज दिसत नाही. ते त्याने भूदृश्यांच्या सौंदर्याबद्दल म्हटलं होतं, पण एकट्याने बसायची जागा निवडताना मला ते फार उपयोगी वाटतं. पाठ झाकलेली असली की खांदे आपोआप खाली येतात.

डोळे मिटायची सक्तीही नको. ध्यान शिकवणारे डोळे मिटा म्हणतात. मी उघडे ठेवते.

रिकामटेकडा

शेवरी, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा मोलाचा आहे. पाठीला आधार असलेली जागा हे तर पुरुषांनाही लागू.

बिनतारी

शेवरीताईंच्या मुद्द्याला तांत्रिक पुस्ती जोडतो. मी कामामुळे कायम 'हाकेच्या अंतरावर' असावा लागणारा प्राणी, त्यामुळे यावर डोकं चालवून झालंय.

विमान मोड लावला तर कुणाचाच कॉल येणार नाही. त्यापेक्षा 'व्यत्यय नको' (डू नॉट डिस्टर्ब) हा मोड लावा आणि त्यात अपवादाची यादी करा. बहुतेक फोनमध्ये 'त्याच नंबरवरून लगेच दुसऱ्यांदा कॉल आला तर वाजू दे' अशी सोय असते, तीही चालू करा. घरच्यांना सांगून ठेवा, खरोखर गरज असेल तर लागोपाठ दोनदा लावा. वाट चुकायची भीती असेल तर नकाशा आधीच उतरवून ठेवा. बहुतेक फोनमध्ये विमान मोडमध्येही उपग्रहाकडून जागा कळते, त्यासाठी इंटरनेट लागत नाही.

मनगटावरचं हुशार घड्याळ मात्र काढून ठेवा. लोक फोन पिशवीत टाकतात आणि घड्याळ हातावर थरथरत राहतं. मग काय केलं?

आणि हो, फोन जवळ नसताना खिशात थरथर जाणवणं हे अनेकांना होतं. २०१२मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांना विचारलं तेव्हा दहातल्या जवळजवळ नऊ जणांनी असा भास झाल्याचं सांगितलं, आणि बहुतेकांना त्याचा त्रासही वाटत नव्हता. तेव्हा रिकामटेकडा म्हणतात तो खिशाकडे जाणारा हात सार्वत्रिक आहे, घाबरू नका.

अर्धवटराव

पण फोन पिशवीत बंद असला तरी डोकं खातो म्हणतात ना? असा काहीतरी अभ्यास वाचल्यासारखा आठवतोय.

तिरकस

२०१७चा. एका गटाचा फोन टेबलावर, दुसऱ्याचा खिशात किंवा पिशवीत, तिसऱ्याचा दुसऱ्या खोलीत. सगळ्यांचे फोन मुके. दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांचे गुण सगळ्यात चांगले आले, टेबलवाल्यांचे सगळ्यात कमी. मात्र नंतर इतरांनी हेच करून बघितलं तेव्हा निकाल एकसारखे आले नाहीत. त्यामुळे शेवरी यांनी पिशवीतल्या फोनबद्दल अपराधी वाटून घ्यायचं काही कारण नाही. भीतीने कान टवकारून बसण्यापेक्षा तळाशी असलेला फोन शंभर पटीने बरा.

कॅमेराबाई

मी वेगळ्या बाजूने बोलते. माझ्या हातात कॅमेरा नसेल तर मला काही दिसतच नाही! कोळ्याच्या जाळ्यावरचा दंव मी भिंगातूनच पहिल्यांदा नीट बघितला. तेव्हा 'उपकरणमुक्त' या अटीत कॅमेराही येतो का?

रिकामटेकडा

भांडणाचा मुद्दा आणलात, छान.

२०१४मध्ये लिंडा हेंकेल यांनी लोकांना संग्रहालयात फिरवलं. काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या बघायला. दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवत होत्या, जणू आठवायचं काम कॅमेऱ्याला देऊन टाकलं होतं. पण वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला असेल तर हा तोटा दिसला नाही. म्हणजे तुमचा कोळ्याच्या जाळ्याचा फोटो झूमवाल्या गटात. तुम्ही सुटलात.

कॅमेराबाई

वाचले! पण मग समूहात टाकायला म्हणून काढलेले फोटो?

रिकामटेकडा

ते नको. तिथे बघणारा माणूस आपण नसतोच. आपण दुसऱ्यांच्या डोळ्यांनी बघतो, कुणाला काय वाटेल याचा अंदाज बांधत. आणखी एक, २०१७चा एक अभ्यास म्हणतो की आपण होऊन फोटो काढणाऱ्यांना दिसलेलं जास्त आठवतं, पण ऐकलेलं कमी. हे मला फार पटतं. रानात निम्मी मजा कानाची असते. कॅमेरा डोळ्याला लावला की कान बंद. एकदा काढा, एकदा नका काढू, असं आलटून पालटून करून बघा.

खारुताई

आवाजावरून पक्षी ओळखणारी ॲप्स? मी ती सर्रास वापरते. आधी 'कोणतातरी पक्षी' होता, आता नाव आहे.

रिकामटेकडा

नाव कळणं चांगलंच. फक्त घरी येऊन बघा. तिथे बसल्यावर आवाज कसा चढतो, कुठे तुटतो, दुसरीकडून उत्तर येतं का, तेवढं डोक्यात भरून घ्या आणि परतल्यावर शोधा. ॲपने नाव सांगितलं की आपण ऐकायचं थांबवतो, हा माझा अनुभव. तुमचा वेगळा असू शकतो.

खारुताई

वेगळाच आहे. नाव कळलं की मला तो पक्षी पुढच्या वेळी गर्दीतून ऐकू येतो. या मुद्द्यावर मी हटणार नाही.

उशाशी

सगळे बाहेर जाण्याबद्दल बोलताय म्हणून थोडं आतलं. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं की आठवड्याला दोन तास वगैरे ऐकून नुसतं हसू येतं. मला सलग वीस मिनिटंही मिळत नाहीत. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

रिकामटेकडा

उशाशी, तुम्हाला सल्ला द्यायचा मला अधिकार नाही, पण एक गोष्ट सांगतो. या विषयातला एक गाजलेला अभ्यास खिडकीबद्दल आहे. रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या १९७२ ते १९८१ या काळातल्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण. काहींच्या खोलीच्या खिडकीतून झाडं दिसत होती, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. वय वगैरे जुळवून त्यांनी २३ जोड्या लावल्या. झाडं दिसणारे रुग्ण थोडे लवकर घरी गेले, त्यांना जोरदार वेदनाशामकं कमी लागली आणि परिचारिकांच्या टिपणांत त्यांच्याबद्दल तक्रारीचे शेरेही कमी होते. १९८४मध्ये हे प्रसिद्ध झालं. (तिरकस, माहीत आहे, नमुना लहान.)

म्हणजे खिडकी चालते. तुम्हालाही आणि अंथरुणावरच्या माणसालाही. पलंग फिरवून आभाळ किंवा झाडाचा शेंडा दिसेल असा लावता आला तर बघा. आणि ती पाच मिनिटं फोनशिवाय.

तिरकस

मी काही बोललोच नव्हतो.

शेवरी

उशाशी, मी तुमच्या जागी राहिले आहे. मला खिडकीपेक्षा कुंडीचा जास्त उपयोग झाला. औषधांच्या वेळा सांभाळताना मधे माती उकरायची, वाळलेली पानं खुडायची. हात मातीने भरले की फोन धरताच येत नाही, हा त्यातला सगळ्यात मोठा फायदा.

उशाशी

हे जमेल. पलंग फिरवण्याचं डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद दोघांना.

रात्रपाळी

सगळे दिवसाचंच बोलताय. रात्री जा की! आकाश बघायला फोनबंदी सक्तीचीच असते. डोळे अंधाराला पुरते सरावायला अर्धा तास तरी लागतो आणि पडद्याकडे एक नजर टाकली की तो सराव पुसला जातो, पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे तारे बघायला गेलेल्या टोळक्यात कुणी फोन उघडला तर सगळे मिळून ओरडतात. इतका कडक शिस्तपालक दुसरीकडे मिळायचा नाही. उजेड लागलाच तर मंद लाल बॅटरी.

झोपेबद्दलही सांगतो. केनेथ राइट यांच्या २०१३च्या अभ्यासात आठ जण आठवडाभर रॉकी पर्वतात तंबूत राहिले. विजेरी नाही, फोन नाही, फक्त सूर्य आणि शेकोटी. शरीराचं अंतर्गत घड्याळ सुमारे दोन तास आधीवर आलं, सूर्याशी जुळलं. त्यांच्यातले जे रात्री उशिरापर्यंत जागणारे होते त्यांच्यात हा बदल जास्त मोठा होता. आठच माणसं, पण मोजलेलं काय तर मेलाटोनिन, म्हणजे झोपेशी जोडलेलं संप्रेरक. लोकांनी सांगितलेलं 'छान वाटलं' नव्हे.

अर्धवटराव

मी एकदा बसून बघितलं. डासांनी खाल्लं, मुंग्या चढल्या, आणि डोक्यात ऑफिसातली सगळी भांडणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. फोन असता तर निदान भांडणं विसरलो असतो. मनाची शांती वगैरे कुणाला लाभते कुणास ठाऊक.

तिरकस

अर्धवटराव, तुम्ही एकटे नाही. २०१४मध्ये टिमथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी लोकांना रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं नुसतं विचार करत बसवलं. करमणूक म्हणून काय, तर हवा असेल तर स्वतःला विजेचा हलका झटका देण्याचं बटण. हा झटका पुन्हा बसू नये म्हणून पैसे मोजू, असं आधी म्हणालेल्यांमध्येही १८ पुरुषांतल्या १२ जणांनी आणि २४ बायकांतल्या ६ जणींनी तो घेतलाच. माणसाला नुसतं बसणं इतकं जड जातं.

पण हे गमतीत सोडून देऊ नका. एकांतात ज्यांच्या डोक्यात फार काळं येतं, जुने आघात उफाळून येतात, त्यांना 'गप्प बसा, बरं वाटेल' हा सल्ला घातक ठरू शकतो. नैराश्यावर चालू असलेले उपचार सोडून झाडाखाली जाऊन बसणं हा उपाय नव्हे.

मध्यममार्गी

समुपदेशनाच्या क्षेत्रात असल्यामुळे तिरकस यांच्या शेवटच्या परिच्छेदाला जोरदार दुजोरा.

अर्धवटराव, बसू नका, चाला. तेच तेच विचार गोल गोल फिरत राहणं आणि चालणं यावर स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१५मध्ये काम झालं आहे. नव्वद मिनिटं झाडा-गवतातून चालून आलेल्यांचं असं चक्र थोडं कमी झालं आणि त्याच्याशी जोडलेल्या मेंदूच्या एका भागातली हालचालही मंदावली. वर्दळीच्या रस्त्याकडेने तेवढंच चाललेल्यांत हा बदल दिसला नाही.

चालताना मनाला काहीतरी धरायला द्या. मी लोकांना सांगते ते अगदी साधं असतं. सगळ्यात लांबचा आवाज कोणता, तो शोधा. मग सगळ्यात जवळचा. वारा चेहऱ्याच्या कोणत्या बाजूला लागतोय? एखादं पान उचला आणि त्याच्या शिरा बोटाने चाचपा. ऑफिसचं भांडण येईलच. आलं की त्याच्याशी वाद घालायचा नाही आणि त्याला हाकलायचंही नाही, परत लांबच्या आवाजाकडे जायचं. अर्ध्या तासात असं पन्नास वेळा झालं तरी काही बिघडत नाही. परत जाणं हाच त्यातला व्यायाम आहे, भांडण न येणं नव्हे. ते जमलं नाही म्हणून 'मला ध्यान जमत नाही' असं म्हणणारे फार भेटतात.

डासांवर मात्र माझ्याकडे उपाय नाही. पूर्ण बाह्या.

अर्धवटराव

लांबच्या आवाजाचं बघतो करून. बाह्यांचंही.

दोनपोरं

मुलांना कसं न्यायचं? माझी दोघं पाच मिनिटांत 'आता काय करायचं' म्हणून मागे लागतात.

मध्यममार्गी

त्यांना सजगता वगैरे शिकवायला जाऊ नका. दगड उलटून खाली काय आहे ते बघणं, काठीने पाणी अडवणं हे त्यांचं ध्यानच असतं. 'आता काय करायचं'ला उत्तर द्यायचं नाही. कंटाळा थोडा वाढू दिला की तीच काहीतरी शोधून काढतात. आणि पथ्य तुम्ही पाळायचं आहे: बाकावर बसून स्वतःचा फोन बघत 'जा, खेळा निसर्गात' म्हणायचं नाही. मुलांना ढोंग लगेच कळतं.

रात्रपाळी

डोळ्यांसाठी तर न्याच. चीनमधल्या ग्वांगझोऊ शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्तीची मैदानावर काढायला लावली. तीन वर्षांनी त्या शाळांतल्या ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी (लांबचं धूसर दिसणं) आली होती, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. २०१५चा अभ्यास. कारण बहुधा उजेड. बाहेर सावलीतही घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी पट प्रकाश असतो. तिथे फुलपाखरू बघितलं की नुसतं पळापळी केली, डोळ्यांना काही देणंघेणं नाही.

बिनतारी

एक प्रामाणिक प्रश्न. मी बाहेर घालवलेला वेळ नोंदवायला लागलोय. सलग किती आठवडे दोन तास भरले याचा तक्ता. वाईट आहे का? त्यामुळे निदान बाहेर पडणं होतं.

रिकामटेकडा

बाहेर पडायला मदत होत असेल तर काही आठवडे ठेवा. पण माझा अंदाज असा की लवकरच तुम्ही झाडाखाली बसून 'अजून किती राहिलं' असा हिशेब कराल, आणि मग तो फोन खिशातून निघून डोक्यात येऊन बसला असं समजा. तक्त्याला हवीत मिनिटं. बसायला जाताना मात्र काहीच नको असतं, आणि ते 'काहीच नको' तक्त्यात भरता येत नाही.

मेरीकॅरोल हंटर यांच्या २०१९च्या प्रयोगाचे नियम मला यासाठी आवडतात. शहरात राहणाऱ्या ३६ जणांना आठ आठवडे, आठवड्यातून निदान तीनदा, किमान दहा मिनिटं निसर्गाच्या सहवासात जायचं होतं. जागा आणि वेळ ज्याची त्याने ठरवायची. मनाई कशाची? फोन, इंटरनेट, वाचन, गप्पा आणि जोरदार व्यायाम. लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, सगळ्यात झपाट्याने उतरलं ते वीस ते तीस मिनिटांच्या बैठकीत. त्यानंतरही उतरत होतं, पण सावकाश. म्हणून मी म्हणतो, तासांच्या मागे लागू नका. अर्धा तास काढा, आणि मिनिटं मोजायचं काम जवळच्या सावलीला द्या.

बिनतारी

सावलीवर मीटिंगची वेळ कशी गाठायची? :)

रिकामटेकडा

काट्यांचं साधं घड्याळ, पिशवीत. गजर लावता येणारं.

कॅमेराबाई

पावसाळ्यात काय करता सगळे?

रिकामटेकडा

रिमझिम असेल तर मी जातो. मातीचा वास तेव्हाच. तो वास जमिनीतल्या जिवाणूंनी बनवलेल्या जिओस्मिन नावाच्या संयुगाचा, आणि माणसाच्या नाकाला तो हवेत अगदी नगण्य प्रमाणात असला तरी कळतो. ओल्या दिवशी आवाजही निराळे असतात. पानांवरून टपकणारं पाणी पाऊस थांबल्यावरही बराच वेळ चालू राहतं आणि प्रत्येक झाडाचा ठेका वेगळा.

गडगडाट असेल तर मात्र नाही म्हणजे नाही.

रात्रपाळी

यावर जोर द्या. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये. पण ते गणित करत बसू नका. गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात. पक्कं घर किंवा टपाची बंद गाडी गाठा आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. एकट्या उंच झाडाखाली तर अजिबात थांबायचं नाही. 'माझी नेहमीची जागा' नेमकी तशीच असते बऱ्याच जणांची.

शेवरी

माझी खडकाला टेकून आहे, पण उघड्या उंचवट्यावर. म्हणजे तीही बाद. पावसाळ्यापुरती दुसरी शोधते.

कॅमेराबाई

आमच्याकडे आज नुसती भुरभुर आहे, गडगडाट नाही. कॅमेरा घरी ठेवून निघतेय. खारुताई, ॲपपण नाही हं!

खारुताई

तुम्ही जा. मी ॲप घेऊन जाणार.